क्रूझवर रात्रीचं जेवण: पहिलं सीटिंग की दुसरं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात रात्रींची क्रूझ, वाटेत चार बंदरं, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी. बुकिंग करताना रात्रीच्या जेवणाच्या दोन वेळा समोर आल्या, पावणेसहा आणि सव्वाआठ. कुठली घ्यावी? आणि चुकलीच तर नंतर बदलून मिळते का?

निकाल आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या कुटुंबासाठी पहिलं सीटिंग, म्हणजे पावणेसहाची पंगत घ्या. पण ते पक्कं करण्याआधी प्रवासाचा तक्ता उघडा आणि चारही बंदरांतून जहाज किती वाजता सुटतं ते बघा. संध्याकाळी सातनंतर सुटणारी बंदरं एक किंवा दोन असतील तर पहिलंच ठेवा आणि त्या रात्री बुफेत जेवा. तीन किंवा चार असतील तर उत्तर बदलतं, त्याचं पुढे सांगते.

मी जहाजांच्या डायनिंग रूममध्ये असिस्टंट वेटर म्हणून लागले आणि पुढे हेड वेटर झाले. पहिल्या दिवशी दुपारी 'आमची वेळ बदलून द्या' म्हणणाऱ्यांची रांग लागते, ती मी वर्षानुवर्षं पाहिली. त्यातल्या बहुतेकांनी घरी आपण किती वाजता जेवतो एवढ्यावरच वेळ निवडलेली असायची. जहाजावर घरचं घड्याळ फारसं उपयोगी पडत नाही. तिथे विचारायचा प्रश्न एकच: संध्याकाळी पाच वाजता मी कुठे असेन?

हिशेब मांडून बघा. जहाज सुटायच्या साधारण अर्धा तास आधी सगळ्यांनी परत यायचं असतं. पाचला सुटणार असेल तर साडेचारपर्यंत सगळे जहाजावर. अंघोळ, कपडे, जरा पाठ टेकणं, आणि पावणेसहाला टेबलावर. जमतं, पण घाई होते. सहाला सुटणार असेल तर किनाऱ्यावरच्या सहलीच्या बस साडेचार ते सव्वापाचच्या दरम्यान एकापाठोपाठ धक्क्यावर येतात. जहाजात शिरताना कार्ड दाखवायचं, बॅग स्कॅनरमधून काढायची, मग लिफ्टची वाट बघायची. हजारो माणसं एकाच वेळी वर जायला निघतात तेव्हा ती लिफ्ट तुमच्या मजल्यावर भरलेलीच येते. केबिनमध्ये पोचेपर्यंत साडेपाच वाजतात. पायाला वाळू, डोक्यात ऊन, मुलगी अर्धवट झोपेत, आणि पंधरा मिनिटांत जेवायला बसायचं. अशा दिवशी पहिल्या सीटिंगची निम्मी टेबलं रिकामी राहिलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. लोक सरळ बुफेत जातात, त्यात काही वावगं नाही. पण चारपैकी चार दिवस तेच होणार असेल तर डायनिंग रूमचं टेबल घेऊन उपयोग काय?

आणि जहाज आठला किंवा त्याहून उशिरा सुटणार असेल, तर पहिल्या सीटिंगसाठी तुम्ही चार वाजताच त्या गावाचा निरोप घेताय. भूमध्य समुद्रातल्या उन्हाळी क्रूझवर हे नेहमी होतं. ऊन उतरतं, गल्ल्या माणसांनी भरतात, फिरायला खरी मजा येते ती नेमकी त्याच वेळी. बंदरं जास्त आणि समुद्रातले दिवस कमी असा मार्ग असेल, सोबत लहान मूल नसेल, तर मी डोळे झाकून दुसरं सीटिंग सांगते.

उलट, समुद्रातले दिवस जास्त असतील तर पहिलं सीटिंग फार सुखाचं जातं. दिवसभर कुठे पळापळ नसते, पाच वाजता तयार व्हायला वेळच वेळ असतो, आणि साडेसातला जेवण आटोपलं की पूर्ण रात्र हाताशी उरते. अडचण फक्त फॉर्मल नाइटला येते. ती बहुधा समुद्रातल्या दिवशीच ठेवतात. पावणेसहाला सूट नाहीतर साडी नेसून टेबलावर बसायचं म्हणजे साडेचारलाच पूल सोडावा लागतो. ज्यांना दिवस मावळेपर्यंत डेकवर लोळायचं असतं त्यांना हे जड जातं.

आता शोचं बघू. थिएटरमध्ये मोठा शो बहुतेक जहाजांवर रात्री दोनदा होतो आणि त्याच्या वेळा जेवणाच्या सीटिंगशी जुळवलेल्या असतात. पहिल्या सीटिंगवाले जेवून शोला जातात. दुसऱ्या सीटिंगवाले बहुतेकदा आधी शो बघतात आणि मग जेवायला येतात, कधी उलटही असतं. त्यामुळे शो चुकेल ही भीती दोघांनीही ठेवायची गरज नाही. मात्र शो बघून जेवायला बसणाऱ्यांना सातच्या सुमारास भूक लागते. त्यांनी पाचच्या दरम्यान चहाबरोबर थोडं खाऊन घ्यावं. भरपेट खाल्लं तर सव्वाआठचं जेवण नुसतं चिवडलं जातं. वेटरला ते पहिल्याच डिशला कळतं.

पहिल्या सीटिंगमध्ये घाई करतात का, हे मला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं. खरं उत्तर असं, की घाई करत नाहीत, पण घड्याळ डोक्यावर असतं. तीच खोली, तीच टेबलं, तेच वेटर, आणि आठच्या आत सगळं पुन्हा नव्याने मांडायचं असतं. शेवटच्या टेबलावरची कॉफी संपत असतानाच शेजारच्या टेबलांवरचे चादर-नॅपकिन बदलायला घेतात. असिस्टंट वेटर ट्रेभर सुऱ्या-काटे पुसून आणतो, ग्लास दिव्यासमोर धरून डाग बघतो, ब्रेडच्या टोपल्या भरतो, मेन्यू कार्डं खुर्च्यांच्या क्रमाने लावतो. आमच्या पोटात काही जातं ते याच मधल्या वेळात, उभ्या उभ्या. वेटर तुम्हाला 'उठा' कधीच म्हणणार नाही. पण गोड पदार्थ संपवून तास-दीड तास गप्पा मारत बसायची सवय असेल, तर आजूबाजूला चाललेली ही हालचाल तुम्हाला जाणवणार. दुसऱ्या सीटिंगनंतर खोली रिकामी करायची कोणाला घाई नसते. माणसं साडेदहापर्यंत बोलत बसतात, वेटरही दोन शब्द जास्त बोलतो. ज्यांना जेवणापेक्षा जेवणानंतरचं बसणं प्रिय आहे, त्यांनी दुसरंच घ्यावं.

दुसऱ्या सीटिंगला उरलंसुरलं मिळतं, असाही एक समज आहे. तो मनातून काढून टाका. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, दोन्ही पंगतींसाठी वेगवेगळ्या घाण्यात शिजवलं जातं. कुठला पदार्थ किती जातो याची आधीच्या प्रवासांची नोंद असते, आणि पहिल्या पंगतीत काय उचललं गेलं ते बघून दुसरीचा अंदाज आणखी सुधारतात. एखाद्या रात्री एखादी लोकप्रिय डिश शेवटी संपते, इतकंच. वेटर थकलेला असतो का? असतो. पण पहिल्या सीटिंगलाही तो सकाळची न्याहारी वाढून आलेला असतो.

आई-वडिलांच्या बाबतीत मी जरा आग्रहाने सांगेन. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर असावं, असं पित्ताचा किंवा छातीत जळजळण्याचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टर सांगतात. सव्वाआठला बसलेलं टेबल दहाच्या आसपास उठतं, कारण स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड असं क्रमाने येतं आणि मध्ये थांबावं लागतं. मग दहा वाजता जेवून उठलेला माणूस साडेदहाला आडवा होतो, आणि त्यात जहाज हलत असलं तर रात्र वाईट जाते. मधुमेह असेल तर आणखी जपावं लागतं. जेवणाआधी इन्शुलिन घेणाऱ्यांनी टेबलावर बसल्या बसल्या ते घेऊ नये असं मला अनुभवाने वाटतं, कारण बसणं आणि पहिला घास यांत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. आपल्या इन्शुलिनची नेमकी वेळ निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि पहिल्याच रात्री वेटरला सांगून ठेवा. 'यांना बसल्याबरोबर काहीतरी खायला लागतं' एवढं वाक्य पुरतं. चांगला वेटर आठवडाभर ते विसरत नाही. ठरलेल्या सीटिंगचा हाच मोठा फायदा आहे: रोज तेच टेबल, तोच वेटर, तोच असिस्टंट. तिसऱ्या दिवशी वडिलांचं पाणी बर्फाशिवाय आधीच येऊन ठेवलेलं असतं.

अ‍ॅलर्जी किंवा पथ्य असणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. अनेक जहाजांवर हेड वेटर आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आणून दाखवतो, तुम्ही निवडता, आणि गॅलीत ते वेगळं तयार होतं. रोज वेगळ्या टेबलावर बसणाऱ्याला हेच रोज नव्याने समजावावं लागतं.

मुलीचं म्हणाल, तर सहा वर्षांचं मूल सव्वाआठच्या सीटिंगला मुख्य पदार्थ येईपर्यंत खुर्चीत पेंगायला लागतं. मी अशी मुलं दोन खुर्च्या जोडून निजवलेली पाहिली आहेत, आणि त्यांच्या आया एका हाताने जेवत असतात. पहिल्या सीटिंगला मूल जागं असतं, आजूबाजूला इतरही मुलं असतात, आणि जेवून ते किड्स क्लबला जाऊ शकतं. तरीही मोठ्यांचा स्टार्टर चालू असताना मुलांना कंटाळा येतोच. त्यावर साधा उपाय आहे. बसल्याबरोबर मुलीची ऑर्डर आधी द्या आणि 'तिचं पहिल्यांदा आणा' म्हणून सांगा. डिस्नेच्या जहाजांवर दुसऱ्या सीटिंगच्या मुलांसाठी खास सोय आहे. मुलांचं जेवण लवकर वाढतात आणि क्लबचे कर्मचारी डायनिंग रूममधूनच त्यांना घेऊन जातात. तिथे रोज रेस्टॉरंट बदलतं, पण वेटर तुमच्याबरोबरच फिरतात, ही आणखी एक छान गोष्ट. दुसऱ्या कंपन्यांकडे अशी सोय असेलच असं धरून चालू नका, बुकिंगच्या वेळीच विचारा.

आता तिसरा पर्याय. आज बऱ्याच कंपन्या ठरलेल्या वेळेशिवायही जेवण देतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली 'फ्रीस्टाइल' नावाने ठरलेली वेळच काढून टाकली. रॉयल कॅरिबियनवर 'माय टाइम', कार्निव्हलवर 'युअर टाइम' अशी नावं आहेत. संध्याकाळच्या ठरावीक तासांत केव्हाही या आणि जेवा. ऐकायला हे सर्वांत सोयीचं वाटतं, पण साडेसहा ते साडेसात या तासात सगळ्यांनाच एकदम भूक लागते आणि दारात रांग होते. सहा जणांचं टेबल हवं असेल तर आणखी थांबावं लागतं, दोघांचं त्या मानाने लवकर मिळतं. यावर तोड एकच: जिथे आगाऊ वेळ राखता येते तिथे पूर्ण आठवड्यासाठी राखून ठेवा. समुद्रातल्या दिवशी सव्वासहा, बंदराच्या दिवशी सात, असं आपल्याला सोयीचं गणित मांडा. आणि एखादा वेटर आवडला तर हेड वेटरला 'उद्याही यांच्याच टेबलावर बसवा' म्हणा. जमवता येण्यासारखं असेल तर तो जमवतो.

तुमच्या चार बंदरांपैकी तीन-चार ठिकाणी जहाज सातनंतर सुटत असेल, तर हाच पर्याय घ्या. तो नसेल तर नाइलाजाने दुसरं सीटिंग, आणि मुलीला साडेसहाला बुफेत जेवू घालून मग टेबलावर फक्त गोडासाठी बसवा.

मार्ग आणि ऋतू यांचा विचार सहसा कोणी करत नाही, तो जरूर करा. अलास्काला जूनमध्ये दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मावळतच नाही. तिथे पहिल्या सीटिंगला जेवून डेकवर आलात तरी डोंगर बघायला भरपूर उजेड उरतो. उलट कॅरिबियनमध्ये डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आगेमागे होतो, म्हणजे पहिल्या सीटिंगवाल्यांचा रोजचा सूर्यास्त सूपबरोबर जातो. ज्यांनी सूर्यास्तासाठी बाल्कनीची केबिन घेतली आहे त्यांनी हे आधी तपासावं. खिडकीजवळचं टेबल मागतानाही हेच लक्षात ठेवा. उन्हाळ्यात पहिल्या सीटिंगला पश्चिमेकडच्या खिडकीतून ऊन इतकं डोळ्यांवर येतं, की आम्ही पडदेच ओढतो. हिवाळ्यात दुसऱ्या सीटिंगला काचेबाहेर नुसता काळोख असतो. खिडकीपेक्षा वर्दळीच्या वाटेपासून आणि गॅलीच्या दारापासून लांबचं टेबल मागितलेलं बरं.

लांबच्या समुद्रप्रवासात घड्याळ बदलतं, त्याचाही परिणाम होतो. क्युनार्डचं क्वीन मेरी 2 साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा प्रवास साधारणपणे 7 रात्रींत करतं, आणि दोन्ही ठिकाणांत 5 तासांचा फरक आहे. पश्चिमेकडे जाताना घड्याळ रोज थोडं मागे जातं, म्हणजे घड्याळात साडेआठ वाजले तरी पोटात साडेनऊ वाजलेले असतात. त्या दिशेला पहिलं सीटिंग सोसतं. पूर्वेकडे येताना घड्याळ पुढे सरकतं आणि सहाला भूकच नसते, म्हणून दुसरं बरं. आणि कुठेही असा, जेवणाची वेळ जहाजाच्या घड्याळाने बघा. मोबाइल किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून स्वतःहून वेळ बदलतो, आणि माणसं तासभर आधी किंवा तासभर उशिरा दारात येऊन उभी राहतात.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. जहाज पाच-सहाला बंदर सोडतं आणि उघड्या समुद्राची पहिली लाट लागते ती बहुतेकदा पहिल्या सीटिंगच्या ऐन मध्यावर. डायनिंग रूम पुष्कळदा मागच्या टोकाला असते, तिथे इंजिनची थरथरही जाणवते. त्रास होणाऱ्यांनी गोळी जेवणाच्या टेबलावर न घेता जहाज सुटायच्या आधीच घ्यावी, आणि खोलीच्या पुढच्या बाजूचं, म्हणजे जहाजाच्या मध्याकडचं टेबल मागावं.

टेबल स्वतंत्र हवं की अनोळखी लोकांबरोबर, हेही बुकिंगमध्ये विचारतात. तुम्ही पाच जण असाल तर बहुधा सहाचं टेबल फक्त तुम्हालाच मिळेल. दोघंच असाल तर मोठ्या टेबलावर बसून बघा असं मी सुचवेन. दुसऱ्या सीटिंगला अशा टेबलांवर गप्पा जास्त रंगतात. मात्र पहिल्या दोन रात्रींत कोणाशी जमलं नाही तर गप्प बसून आठवडा काढू नका. हेड वेटरला बाजूला घेऊन सांगा. तो कोणालाही न दुखावता तुम्हाला दुसरीकडे बसवू शकतो, त्याचं ते रोजचं काम आहे.

शेवटी बदलून मिळण्याचं. मिळतं, पण वेळेवर मागितलं तर. बुकिंग करताना हवं ते सीटिंग भरलेलं असेल तर वेटलिस्टवर नाव घाला. लोक शेवटपर्यंत बदल करत असतात, त्यामुळे ते पुष्कळदा सुटतं. सुटलं नाही तर जहाजावर चढल्या दिवशी दुपारीच डायनिंग रूमच्या दारात किंवा जवळच एक टेबल मांडलेलं असतं, तिथे मेत्रे द'होटेल, म्हणजे डायनिंग रूमचा प्रमुख, किंवा त्याचा सहायक बसतो. ती वेळ त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा जहाजाच्या अ‍ॅपमध्ये दिलेली असते. केबिनमध्ये बॅगा लावत बसू नका, आधी तिथे जा. नुसतं 'आम्हाला ही वेळ चालत नाही' म्हणू नका. कारण सांगा: वडिलांचं औषध अमुक वाजता असतं, मूल लवकर झोपतं. आमच्याकडे रिकाम्या जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ असतात. औषधाचं कारण आणि लहान मूल यांना आम्ही पहिला नंबर देतो.

पहिल्या संध्याकाळी आणखी एक गडबड होते. 1 जानेवारी 2015 पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. सुटायला उशीर झाला तर कवायतही पुढे सरकते आणि पहिलं सीटिंग तिच्या पाठोपाठ येतं. त्या रात्री दारावर गर्दी असते, टेबल नंबर शोधत माणसं फिरत असतात, वेटर नवे असतात. आई-वडिलांना पाच-दहा मिनिटं उशिरा घेऊन या, चालेल. पण बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांनंतर दार बंद करतात, तेवढं सांभाळा. मुलीच्या हातात त्याआधी थोडंसं खायला देऊन ठेवा, कारण पहिल्या रात्रीची पहिली डिश सर्वांत उशिरा येते.